आजीची सही, आजोबांची वही: सहीचं मोल नेमकं कशात असतं?

गावभागची_नात · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांत घरात सहीवरून दोन गोष्टी घडल्या. दोन्ही डोक्यातून जात नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

पहिली आजीची. ती ८६ वर्षांची आहे आणि हात कापतो. तिच्या औषधांसाठी तिच्याच खात्याचा चेक दिला, तो 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन परत आला. घरी तिला कोऱ्या कागदावर चारदा सही करायला लावली, तर चारही वेगळ्या आल्या. मग तिने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "सही बदलली म्हंजे मी बदलले व्हय गं?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी आजोबांच्या वहीची. आजोबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. नाटक, क्रिकेट, व्याख्यानं काही सोडायचे नाहीत, आणि खिशात कायम स्वाक्षरीची छोटी वही. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी पानं असतात ना, तसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा कपाटं गेली, गाद्या गेल्या, पण वही माळ्यावर होती म्हणून वाचली. कडांना ओल लागून तपकिरी रेघ उमटलीय तेवढीच. ४१ पानांवर सह्या आहेत. परवा ओळखीतून एक संग्राहक येऊन बघून गेले. त्यांना तीनच पानं हवी आहेत, त्यातलं एक विजय हजाऱ्यांच्या सहीचं. पानं कापून घेतो म्हणाले. रक्कम आम्हाला नाही म्हणवत नाही अशी आहे.

म्हणजे एकीकडे माणूस समोर जिवंत बसलाय आणि त्याची सही चालत नाही, दुसरीकडे माणूस गेलाय आणि त्याच्या सहीला गिऱ्हाईक आहे. जाणकारांनी दोन्हीबद्दल सांगावं.

---

कराडचा_निवृत्त_कॅशियर · सोमवार, रात्री १०.२५

ताई, आधी चेकचं बघू.

आजींना सांगा की त्यांच्यावर कुणी संशय घेतलेला नाही. हल्ली चेकचा कागद या गावाहून त्या गावाला जातच नाही, त्याची प्रतिमा जाते. पास करणाऱ्याला खातेदार दिसत नाही. त्याच्या पडद्यावर एका बाजूला चेकची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूला नमुना सही, एवढंच असतं. नमुना पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि हात आजचा असेल, तर फरक पडणारच.

वाटा दोन आहेत. पहिली म्हणजे नमुना सहीच बदलून घ्या. साधा अर्ज, ओळखीची कागदपत्रं आणि अधिकाऱ्यासमोर आजच्या हाताने केलेली सही. लांबलचक सही करायची गरज नाही. आजींना जेवढं दर वेळी सारखं जमेल तेवढंच ठेवा, आडनाव सोडून दिलं तरी चालतं. मराठीत केलेली सहीही पूर्ण चालते.

दुसरी वाट अंगठ्याची. आजारी, वृद्ध किंवा सही करू न शकणाऱ्या खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे. हाताचा किंवा पायाचा अंगठा घ्यायचा आणि तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही उठवता येत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच दोन. शाखेपर्यंत नेणं अवघड असेल तर सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं २०१७ सालीच सांगून झालेलं आहे. लेखी अर्ज करा, नुसतं तोंडी विचारू नका.

आणि कळकळीची विनंती. 'आज हात बरा आहे' म्हणून आजींकडून दहा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवू नका. नोकरीत असताना असल्या चेकांपायी भाऊ भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत. आपल्या हाताने सही करून कोरा चेक दुसऱ्याला दिला, तर मजकूर त्याने भरला म्हणून सही करणारा सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्वच्छ सांगितलंय.

---

गावभागची_नात · मंगळवार, सकाळी ७.१५

काका, खूप आभार. रात्रीच आजीला अंगठ्याचं सांगून पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "अंगठा न्हाई," एवढंच म्हणाली आणि नंतर जेवलीही नाही. इतका राग का आला ते कळलं नाही.

---

सातारचा_दस्तलेखक · मंगळवार, सकाळी ११.०५

मी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर ३८ वर्षं बसतोय. आजींचा राग मला कळतो. मी 'इथं अंगठा द्या' म्हणालो की कितीतरी म्हाताऱ्या माझा हात बाजूला सारून पेन मागतात. पाच मिनिटं लागतात, एकेक अक्षर खोदल्यासारखं काढतात, मागे रांग खोळंबते. मी रांगेला थांबवतो. त्या बाईने आयुष्यात मोजून दहा वेळा सही केलेली असते, त्यातली ही एक.

पण कायद्याच्या नजरेत अंगठा हलका नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. १८९७ चा सामान्य खंड अधिनियम सांगतो की ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही करणे' यात 'खूण करणे' आलंच. अंगठ्याचा इतिहास तर आपल्याच देशातला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामाच्या करारावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं ठसे कार्यालय उघडलं. सही वयाबरोबर बदलते, ठसा बदलत नाही. म्हणून आमच्याकडे आजही दस्तावर सही असली तरी अंगठाही घेतातच, मग तुम्ही प्राध्यापक असा नाहीतर मेंढपाळ.

आता मूळ प्रश्न, सही खरी कशाने ठरते? लोकांना वाटतं वळणाने. तसं नाही. सही म्हणजे 'हे मी वाचलं किंवा ऐकलं, मला मान्य आहे' असं सांगणारी कृती. वळण हा त्या कृतीचा पुरावा, आणि तो एकमेव पुरावा नव्हे. म्हणून तर मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात करणाऱ्याची सही किंवा खूण, दोन्ही चालतं, पण साक्षीदारांशिवाय नाही. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लोक स्टँपवर पैसे घालतात आणि साक्षीदार मात्र मिळेल तो उभा करतात. खरं तर साक्षीदार आपल्याहून तरुण, गावातला, उद्या कोर्टात उभा राहील असा बघावा. कारण वाद झाला तर निदान एकाला येऊन सांगावं लागतं की 'माझ्यादेखत सही झाली'.

वळणावर वाद पोचलाच तर हस्ताक्षरतज्ज्ञ येतो, पण त्याचं मत हे मतच, न्यायाधीश ते जपून घेतात. न्यायाधीश स्वतःही सह्या ताडून पाहू शकतात. आणि ज्याने त्या माणसाला लिहिताना वारंवार पाहिलंय त्याची साक्षही कायदा ऐकतो. म्हणजे ताई, उद्या वेळ आली तर 'ही माझ्या आजीचीच सही' हे सांगायला तुम्ही चालता.

तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून, योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही खरी धरायला न्यायालयाला मुभा आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायम राहिलं. 'योग्य ताब्यातून' हे शब्द लक्षात ठेवा, तुमच्या वहीलाही ते लागू पडतील.

---

मोडीवाचक_वाई · मंगळवार, दुपारी ३.३०

वरच्या प्रतिसादाला जोडून.

'सही' हा शब्द मुळात अरबी, अर्थ 'बरोबर, खरं'. म्हणजे सही करणं म्हणजे नाव काढणं नव्हे, 'हे बरोबर आहे' असं म्हणणं. आपण मराठीत हस्ताक्षर म्हणतो ते अक्षराच्या वळणाला, हिंदीवाले त्याच शब्दाने सही सांगतात. जुन्या दस्तांत दिसणारं 'दस्तुर खुद्द' म्हणजे स्वतःच्या हातचं. माझ्या मते या साऱ्यात सगळ्यात नेमका शब्द तोच.

शिवकाळातली पत्रं पाहिलीत तर शेवटी नावाची सही सापडणार नाही. माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते'. ही दुसरी छोटी मुद्रा मला फार आवडते. इथे हद्द संपली, यापुढे कुणी एक अक्षर वाढवू नये. आज आपण शेवटच्या ओळीनंतर आडवी रेघ मारतो, काम तेच.

आणि आजींना वाईट वाटू नये म्हणून सांगतो. गावच्या महजरांत, म्हणजे सगळ्या गावासमक्ष झालेल्या निवाड्याच्या कागदांत, पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, न्हाव्यापुढे आरसा, परटापुढे मोगरी. 'निशाणी नांगर' असं लिहिलेलंही असतं. गावचा पाटीलसुद्धा अक्षराने नव्हे, नांगराने सही करत होता, आणि त्या नांगरावर वतनं टिकली. असा कागद हातात आला की मला वाटतं, माणसाने स्वतःची ओळख आपल्या कामातून सांगितली आहे. नावापेक्षा ते कुठे कमी आहे?

---

नोटांचा_नाद_मिरज · मंगळवार, रात्री ८.५०

मी वहीबद्दल लिहितो. माझा संग्रह मुख्यतः नोटांचा, पण सह्यांची थोडी जाण आहे.

नोटेवर सही कुणाची यावर आम्ही जीव टाकतो. नोट तीच, रंग तोच, आकार तोच, गव्हर्नर बदलला की संग्रहातली जागा वेगळी. चिंतामणराव देशमुखांच्या सहीची नोट आपल्याकडे प्रत्येकाला हवी असते, कारण ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि आपल्या मातीतले. मनमोहन सिंगांची सही गव्हर्नर म्हणून नोटांवर आहे आणि त्याआधी अर्थसचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवरही, कारण एक रुपया भारत सरकारचा, रिझर्व्ह बँकेचा नव्हे. आदारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, म्हणून गांधी जन्मशताब्दीच्या नोटांत त्यांच्या सहीची नोट मिळाली की आम्ही रात्रभर जागतो. पण या सगळ्या छापील सह्या. हाताने केलेली सही म्हणजे वेगळंच प्रकरण.

ताई, घरी एवढं करून बघा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, छापलेली सही असेल तर ठिपके दिसतील. शाईची असेल तर रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई दाट झालेली दिसेल, बॉलपेनची असेल तर पानाच्या मागे बोटाला खोलगट रेघ लागेल. खरी सही धावत केलेली असते, सुरुवात आणि शेवट निमुळते. नक्कल करणारा हळू काढतो, त्यामुळे रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि मधेच पेन उचलून पुन्हा टेकवल्याची जागा दिसते. पेनाचं वयही बघायचं. बॉलपेन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. टिळक १९२० मध्ये गेले. 'लोकमान्यांची सही' म्हणून बॉलपेनने केलेलं काही मला दाखवायला आणतात तेव्हा वाईट वाटतं, कारण आणणाऱ्याने बहुतेक वेळा पैसे मोजलेले असतात.

आजींचा कंप आणि नक्कल करणाऱ्याचा कंप यांतही फरक असतो. म्हाताऱ्या हाताची रेघ थरथरते पण पुढे जात राहते. नक्कल करणारा अडखळतो, थांबतो, बघतो, मग पुढे जातो. एकदा नजर बसली की चुकत नाही.

आता माझं ठाम मत. पानं कापू देऊ नका. विजय हजारे सांगलीत जन्मलेले, १९१५ सालचे. ॲडलेडला १९४८ मध्ये एकाच कसोटीत ११६ आणि १४५, मद्रासला १९५२ मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार. त्यांची सही बाजारात दुर्मीळ म्हणावी अशी नाही, पण सांगलीच्या दिवाणजीने स्वतः मिळवलेली, मागच्या-पुढच्या पानांसकट, ओल लागलेल्या वहीतली सही एकच आहे. ते पान कापलं की राहतो तो एक कागदाचा तुकडा, ज्याचा 'योग्य ताबा' कुणालाच सांगता येणार नाही. आजोबांनी तारीख-गाव लिहिलंय का पानावर? लिहिलं असेल तर वहीचं मोल माझ्या लेखी दुप्पट.

जतनाचं: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, उन्हात ठेवू नका, इस्त्री तर मुळीच नको. आम्लविरहित कागद पानांमध्ये घालून कोरड्या जागी आडवी ठेवा. आणि वहीतलं काही ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं असेल, तर ते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. विकत घेणाऱ्याला हे विचारून ठेवा.

---

माणदेशी · बुधवार, सकाळी ९.००

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

आजी ८६ वर्षांच्या, औषधं चालू आहेत. वही माळ्यावर ठेवून पुढच्या पुराची वाट बघायची का? तीन पानांनी वर्षभराची औषधं होत असतील तर आजोबांना आनंदच होईल. आमच्याकडे दुष्काळात आज्ज्याने पदकं मोडली होती, घरात कुणी रडलं नाही. वस्तू माणसासाठी असते. गांधीजीसुद्धा सहीचे पाच रुपये घ्यायचे आणि हरिजन फंडाला द्यायचे, म्हणजे सहीचे पैसे करण्यात कमीपणा नाही.

---

नोटांचा_नाद_मिरज · बुधवार, सकाळी ९.४०

तुमचं म्हणणं मनापासून पटतं. औषधासाठी विकायची वेळ आली तर अख्खी वही विकावी, आणि जो ती अख्खी ठेवील त्यालाच. कापून नको, एवढंच माझं म्हणणं.

---

पुण्यातला_सातारकर · बुधवार, दुपारी १.२०

आता सगळं ओटीपीवर चालतं, सातबारासुद्धा १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी हेलपाटे नाहीत. मला वाटतं आणखी वीस वर्षांनी हाताची सही राहणारच नाही. माझ्या मुलीला सही म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं.

---

सातारचा_दस्तलेखक · बुधवार, दुपारी २.१०

सातबाऱ्याचं काम सोपं झालं हे शंभर टक्के खरं, माझ्याच गिऱ्हाइकांचे दिवसच्या दिवस वाचले. पण डिजिटल स्वाक्षरी हे सांगते की हा मजकूर अमक्या किल्लीने बंद केला आणि नंतर बदललेला नाही. किल्ली कुणाच्या हातात होती, हे ती सांगत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली, पण मृत्युपत्र त्यातून बाहेर ठेवलं ते आजतागायत बाहेरच आहे. शेवटची इच्छा माणसाने हातानेच सांगावी, दोघांच्या देखत, असं कायद्यालाही वाटलं असावं.

---

सातारची_शिक्षिका · बुधवार, सायंकाळी ६.४५

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. एक आठवण द्यावीशी वाटते.

आमच्या साताऱ्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरला १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर. तो मुलगा पुढे बाबासाहेब झाला, आणि ७ नोव्हेंबर आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या नोंदीसमोरची लहानग्या भिवाची सही शाळेने जपली आहे. मुलांना मी सांगते, घटनेच्या मसुद्यापर्यंत पोचलेला हात इथून निघाला. त्या सहीची कुणी बोली लावू शकेल असं मला वाटतच नाही. ती त्या रजिस्टरमध्ये आहे, त्या शाळेत, त्या ओळीत, म्हणून ती आहे.

ताई, आजींना अंगठ्याचा राग का आला, हे जमलं तर त्यांनाच विचाराल का?

---

गावभागची_नात · रविवार, रात्री १०.१०

विचारलं. चार दिवस लागले तिला बोलायला.

आजीचं माहेर खटाव तालुक्यातलं. १९५९ ला सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, सगळ्या गावाने लिहा-वाचायला शिकायचं. (पुढे ती राज्यभर गेली, हे मी आत्ता शोधून वाचलं.) आजी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री देवळात कंदील लावून गुरुजी शिकवायचे. ती पोटुशी, भिंतीला टेकून बसायची आणि पाटीवर स्वतःचं नाव काढायची. पाच अक्षरं यायला महिना लागला म्हणाली. तिच्या आईला मात्र शेवटपर्यंत आलं नाही. आईच्या वाट्याची जमीन गेली ती एका कागदावरच्या अंगठ्याने, आणि कागदात काय लिहिलंय हे आईला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. "म्हणून मी शिकले," म्हणाली. "अंगठा लावायचा नसतो म्हणून न्हाई. न वाचता लावायचा नसतो म्हणून."

शुक्रवारी शाखेत नेलं. कॅशियरकाकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लेखी दिला. अधिकारी तरुण होती, टेबलापलीकडून उठून आजीच्या शेजारी येऊन बसली. आजीने आधी अर्ज वाचून घेतला, चष्मा पुसून, बोट ठेवून, पूर्ण. मग फक्त नाव काढलं, आडनाव नाही. आता तोच नमुना. अक्षरं वाकडी आहेत पण नोटावाले म्हणाले तशीच, थरथरत पुढे गेलेली. परवाचा चेक पास झाला.

वही आम्ही विकली नाही. माणदेशी, तुमच्या म्हणण्यावर घरात दोन रात्री बोलणं झालं, औषधांचं आम्ही भावंडं मिळून बघतो आहोत, त्यामुळे तूर्त तरी तशी वेळ नाही. आजोबांनी प्रत्येक पानामागे पेन्सिलीने गाव आणि तारीख लिहिली आहे. हजाऱ्यांच्या पानामागेही आहे. मी आता आजीला एकेक पान दाखवून तिला आठवेल ते वेगळ्या वहीत उतरवून घेतेय.

काल सव्विसाव्या पानावर आलो. पिवळं पान, निळी शाई, एक साधी सही, नाव आम्हाला कुणालाच माहीत नसलेलं. संग्राहकांनी ते पान बघून उलटलं होतं. मागे पेन्सिलीने आजीच्या माहेरचं गाव आणि १९६० सालची तारीख. आजीने पान डोळ्यांजवळ नेलं.

"गुरुजी," म्हणाली. "तुझा आजा मला न्यायला आला तवा गावात गौरव समारंभ होता. सगळं गाव शिकलं म्हणून. त्यानं वही काढून गुरुजींची सही घेतली. गुरुजी म्हणत होते, माझी कशाला, मी कोण?"

ते पान उघडं ठेवून ती बराच वेळ बसली होती. मग मला म्हणाली, उद्या सत्ताविसावं काढू.